ताई, तुझ्या चहाची खरी गोष्ट

ताई,

तुझ्या तेरवीला लोक पोट धरून हसले. त्यांच्यावर रागावू नकोस. तुझ्या आठवणीनंच हसले, आणि नवल म्हणजे हसवणारा या वेळी मी नव्हतो. पण ते हसू ओसरायच्या आत मी तुला दिलेला शब्द मोडला. नागपुरात, मनीषनगरच्या तुझ्या सोसायटीच्या हॉलमध्ये, पन्नासएक माणसांसमोर. आणि ज्या एका माणसापासून ती गोष्ट लपवायची होती ते माणूस, म्हणजे आपली आई, पहिल्या रांगेत बसलेली असताना.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. मी अजून धड रडलोही नाही. गृहपाठ न केलेलं पोरगं शाळेच्या वाटेवर मनातल्या मनात कारणं जुळवतं, तसा मी चार दिवस घरातल्या घरात फिरतो आहे. म्हणून आधी जबाब देऊन टाकतो. तू असतीस तर मला लगेच बोलू दिलं नसतंस म्हणा. 'बस गा गुड्डू, आधी चहा घे, मंग सांग काय करून आला,' म्हणाली असतीस. चोपन्न वर्षांच्या टकल्या माणसाला गुड्डू म्हणणारी आता आई एकटीच उरली, आणि तेरवीनंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती.

हे 'आधी चहा' तू लीड्सहून आणलंस. एकोणीस वर्षं तिथल्या वॉर्डात नर्सची नोकरी केलीस, भाऊजींच्या माघारी परत आलीस, आणि येताना माणसं सोनंनाणं आणतात तशी तू एक विजेची केटली आणलीस. तिच्या प्लगला तीन जाडजूड चौकोनी दात. ते इथल्या कुठल्याच भिंतीत बसेनात. शेवटी बाबांनी कुठून तरी एक जोड आणला आणि काटोलच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीतल्या टीव्हीच्या बोर्डावर तिची स्थापना झाली. टीव्ही लावायचा असेल तर चहा नाही, चहा हवा असेल तर बातम्या नाहीत.

आणि तो चहा. गरम पाण्यात पुडी बुडवायची, वर गार दूध ओतायचं, न उकळता, न आलं घालता. पहिल्यांदा तो प्यायल्यावर बाबांनी कप खाली ठेवला. जन्मभर बस स्टँडवर कंट्रोलर म्हणून माइकवर बोललेल्या त्यांच्या त्या आवाजात ते म्हणाले, 'प्रवाशांनी लक्ष द्यावे, इंग्लंडहून येणारा चहा उकळायच्या आधीच रवाना झालेला आहे.' तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

इंग्रज लोकांच्या चहाच्या गोष्टी तू सांगायचीस, आणि मी त्या पुढे दुप्पट करून सांगायचो. घराचा नळ फुटून गुडघाभर पाणी झालं तर ती माणसं जिन्यावर बसून चहा पितात. वॉर्डात नातेवाइकांना वाईट बातमी द्यायची असेल तर डॉक्टर येण्याआधी नर्सनं चहा न्यायचा, विचारायचं नाही, साखर घालूनच न्यायचा. तुझी तिथली मोठी नर्स म्हणायची की बरेच लोक पीत नाहीत, नुसता हातात धरून बसतात, बसू द्यावं. भाऊजी गेले त्या दुपारी शेजारची म्हातारी, जी नऊ वर्षांत तुझ्याशी हवापाण्याशिवाय एक शब्द बोलली नव्हती, ती दार ढकलून सरळ तुझ्या स्वयंपाकघरात शिरली. कसं झालं नाही, काय झालं नाही. केटली लावली, कप तुझ्या हातात दिला आणि म्हणाली, साखर घातली आहे. एवढंच.

हे मला कधी पचलं नाही. आपल्याकडे घरात माणूस गेलं की आधी शेगडी विझते. माती होईपर्यंत घोट नाही, घास नाही, आणि मग जो काही चहा यायचा तो शेजाऱ्यांच्या घरून थर्मासमध्ये येतो. मी तुला चिडवायचो, की तुमच्या इंग्लंडात मेल्यावर पहिली पेटते ती केटली. तू म्हणायचीस, 'जित्यांसाठी पेटते गा.'

नागपुरात फ्लॅट घेतलास तेव्हा केटली तिकडे आली, आणि मग आमच्यावर ओढवलेलं एकही संकट कोरडं गेलं नाही. तुला आठवतं, माझी बायको एकदा बॅग भरून माहेरी निघाली होती? मी तुला फोन केला. अर्ध्या तासात तू आलीस, कापडी पिशवीत केटली घेऊन. दोघांना समोरासमोर बसवलंस आणि तो तुझा पांचट चहा हातात दिलास. पहिल्या घोटाला आम्ही दोघांनी एकाच वेळी तोंड वाकडं केलं. आठ दिवसांत एकमेकांशी पटलेली ती पहिली गोष्ट. बॅग परत कपाटावर गेली.

हे सगळं गोड आहे, आणि मी ते घोळवून घोळवून सांगतो आहे, कारण यापुढचं सांगायला मला जड जातं आहे.

माझी ती प्रसिद्ध गोष्ट. 'गुड्डूभाऊ, चहा होऊन जाऊ द्या,' असं कुठल्याही लग्नात पंगत उठली की लोक म्हणायचे, ती. मी कशी सांगायचो ते तुला तोंडपाठ आहे, तरी एकदा इथे मांडतो. अकरा वर्षांपूर्वीचा रविवार. मी काटोलला आलेलो. सकाळचे सव्वाआठ. बाबा अंघोळ उरकून पुढच्या खोलीत आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलेले. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, या, पोळी झाली. उत्तर नाही. ताई बाहेर येते, बघते आणि मला झोपेतून उठवून म्हणते, गाडी आण. मी अनवाणी धावत तीन घरं सोडून विनूकडे, म्हणजे आपल्या आत्येभावाकडे जातो. त्याची जीप सुरू होत नाही. इथे मी जीप ढकलून दाखवायचो. बारा मिनिटांनी दोघं घामाघूम होऊन घरात शिरतो, तर काय दिसतं? बाबा खुर्चीत, मान एका बाजूला. आणि आमची ताई, इंग्लंडात एकोणीस वर्षं नर्स असलेली ताई, कपात दूध ओततेय आणि आईला विचारतेय, बिस्कीट घेतेस का? इथे मी थांबायचो. चांगला चार श्वास थांबायचो. आणि मग म्हणायचो, 'अरे, आमचा बाप जाऊन राहिला होता, आन् ही चहा करून राहिली होती.'

हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो तेव्हा कुणी हसलं नव्हतं. बाबांच्या तेरवीला, भरल्या घरात, तुझ्याकडे बोट करून बोललो होतो. तू उठलीस. आत जाऊन भांडी घासायला बसलीस. वर्षभरानं तेच वाक्य मी कुठल्याशा मुंजीत बोललो तेव्हा कुणीतरी हसलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. एक माणूस हसलं की मी दुसऱ्यासाठी घर विकीन. पुढच्या वेळी त्यात जीप आली, मग माझे अनवाणी पाय आले, मग तुझं इंग्रजी आलं. तू समोर बसून हसायचीस. मला वाटायचं, झालं, मी तुला माफ केलं आणि तू मला.

मग विनूच्या मुलीचं लग्न झालं, कळमेश्वरला. त्या दिवशी मी रंगात होतो आणि गोष्टीत एक नवी ओळ घातली. बाबांचा श्वास अजून चालू होता, असं म्हणून मी छातीवर हात ठेवून तो श्वास करून दाखवला, हळू, खोल, वर-खाली. मांडव गप्प झाला. आणि मग चहाचं वाक्य टाकल्यावर जो हशा उठला, तसा पूर्वी कधी उठला नव्हता.

आई लग्नघरीच थांबली. आपण दोघं दुपारी माझ्या गाडीनं निघालो. कारखान्यांची वसाहत मागे पडली. मग म्हणालीस, 'गुड्डू, ते श्वासाचं काढून टाक.'

मी म्हटलं, काहून, तिथंच तर मजा आहे.

'आईनं मले आता जेवता जेवता विचारलं. ते श्वास घेऊन राहिले होते का वं, पुष्पा?'

मी हसत होतो. म्हटलं, मग घेत नव्हते का?

तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, 'नाही.'

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागच्या ट्रकनं शिवीसारखा हॉर्न दिला. तू सरळ बसून, ड्यूटी बदलताना नर्स जसं पुढच्या नर्सला पेशंटबद्दल सांगते, तसं सगळं सांगितलंस. बाबांना हात लावला तेव्हाच तुला कळलं होतं. हात गार, जबडा धरलेला. तासभर तरी झाला होता. पेपर वाचता वाचता गेले होते आणि आपण सगळे घरात होतो. करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. पण स्वयंपाकघरात आई होती, आणि तिला तू वीस मिनिटांपूर्वी इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं होतंस. तिनं अजून काही खाल्लं नव्हतं. तू आत जाऊन 'बाबा गेले' एवढे दोन शब्द बोलली असतीस, तर शेगडी तिथेच विझली असती. मोठे काका जबलपूरहून येईपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, आईनं तोंडात पाणी घेतलं नसतं. तिला कुणी समजावू शकलं नसतं, तूसुद्धा नाही. आणि अंगात गेलेलं औषध कुणाची वाट बघत नाही.

'बाबासाठी काही करता येत नव्हतं गा,' तू म्हणालीस. 'आईसाठी येत होतं.'

म्हणून तू ते दोन शब्द गिळलेस. बाबांना गळ्यापर्यंत चादर घातलीस, आई बाहेर आली तेव्हा त्यांना चक्कर आली आहे, पडू दे, म्हणालीस. आईची खुर्ची फिरवून तिची पाठ त्यांच्याकडे केलीस. दवाखान्यात किती वेळ लागेल सांगता येत नाही, काही खाऊन घे, म्हणालीस. केटली लावलीस. जिला वर्षभर साखर बंद होती तिच्या कपात तीन चमचे साखर घातलीस आणि चार बिस्किटं खाऊ घातलीस. आणि मला जीप आणायला पिटाळलंस, ते का? जीपची घाई नव्हतीच.

'तुह्या तोंडावर सगळं दिसते गुड्डू. तू तिथं असता तर आईले समजलं असतं.'

दवाखान्यात डॉक्टर आमच्याकडे वळायच्या आत तू त्यांच्याशी इंग्रजीत काय बोललीस, तेही तेव्हा कळलं. गेल्याची वेळ आमच्यासमोर बोलू नका, एवढंच सांगितलं होतंस. आई घरी होती. तिच्या लेखी बाबा वाटेत गेले.

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसलो. मग मला जोर चढला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता विनूला फोन करतो, सगळ्यांना सांगतो. तू माझ्या हातातून फोन काढून घेतलास.

'आन् आईले काय सांगशील? नवरा मरून पडला होता, आन् तू त्याच्याकडं पाठ करून बिस्कीट बुडवून खाऊन राहिली होती?'

तू माझा फोन तुझ्या पर्समध्ये टाकलास.

'ते तिले सोसणार नाही. मले हसतात, हसू दे. श्वासाचं तेवढं काढ. गोष्ट मात्र बंद करू नको. एकदम बंद केली तर आई विचारंल, काहून बंद केली.'

आणि तू माझ्याकडून शब्द घेतलास. गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा तुझी माफी मागायची मला आठवण झाली नाही. नंतर आठवण झाली तेव्हा लाज वाटली, आणि लाज वाटली की मी विनोद करतो. सात वर्षं गेली त्यात. माफ कर, ताई. बघ, किती छोटं वाक्य आहे.

ती सात वर्षं मी गोष्ट सांगत राहिलो, खोटी आहे हे माहीत असताना. माझ्याइतका मोठा नट या शहरात झाला नाही, आणि त्याचं काम पाहणारी एकच बाई होती, तू. शेवटचा थांबा घेताना मी तुझ्याकडे बघायचो नाही. घरी आल्यावर भांडायचो. तुझं नाव असं मातीत घालायचा तुला हक्क नाही, म्हणायचो. तू म्हणायचीस, चहा घेतो का. भांडण तिथेच संपायचं, म्हणजे संपायचं नाही, निवायचं. दीड महिन्यापूर्वी तुझ्या बाल्कनीत मी तुला शेवटचं म्हटलं की तू गेल्यावर मी सांगणार. तू गंभीर झालीस.

'मी गेल्यावर तर अजिबात नाही. तेव्हा तिच्याजवळ मी नसन.'

मी मान हलवली. तोच शब्द मी मोडला. आता कसा मोडला ते ऐक.

तेरवीचं जेवण झालं होतं. हॉलमध्ये खुर्च्या मांडून लोक दोन दोन शब्द बोलत होते. सगळे माझ्याकडे बघत होते, आता हा बोलेल म्हणून. मी ठरवून मागे भिंतीला टेकून उभा होतो. तेवढ्यात विनू उठला. म्हणाला, गुड्डूभाऊचा आज गळा भरला आहे, म्हणून त्यांची गोष्ट मी सांगतो, त्या दिवशी मीही तिथं होतो. वाईट हेतू नव्हता त्याचा. तुझ्यावर जीव होता म्हणून उठला.

ताई, तो माझ्यापेक्षा चांगली सांगतो. जीप त्याची, ढकलणंही त्याचंच. लोक हसायला लागले. दोन तासांच्या सुतकी चेहऱ्यांनंतर ते हसू इतकं मोकळं होतं की मीही ओठ सैल सोडले. आणि मग विनू खोलीत शिरला, म्हणजे गोष्टीतल्या, आणि थांबला. छातीवर हात ठेवला. 'मामाचा श्वास चालू होता,' म्हणाला, आणि तो श्वास करून दाखवला, हळू, खोल, वर-खाली. माझाच. त्याच्या मुलीच्या लग्नातला. मी काढून टाकलेली ओळ त्यानं सात वर्षं जपून ठेवली होती.

त्यानं चहाचं वाक्य टाकलं. हॉल हसला. मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिचा हात स्वतःच्या छातीवर गेला होता.

मी म्हटलं, विनू, बस. माझा आवाज बहुधा मोठा निघाला, कारण हसणारे मध्येच थांबले. मी पुढे गेलो आणि म्हटलं की ते श्वासाचं खोटं आहे, ते मी हशासाठी घातलं होतं. आणि त्या दिवशी मी ताईला बोललो ते चूक होतं, तिनं चहा केला ते बरोबर केलं. मला वाटलं, एवढं पुरे. तुझ्या नावावरचा डाग थोडा पुसला जाईल आणि शब्दही राहील. मी खाली बसणार तेवढ्यात आईनं विचारलं.

'काहून बरोबर?'

सत्त्याऐंशी वर्षांची बाई, पण प्रश्न विचारला की टाचणी लावल्यासारखा. मी अर्धं सांगितलं. तुला इंजेक्शन दिलं होतं आई, तू खाल्लं नव्हतं, तुझी साखर उतरली असती. ताईनं तुला वाचवलं. बायका हळहळल्या, कुणीतरी डोळ्याला पदर लावला, आणि मी स्वतःवर खूश झालो. अर्धंच सांगून भागलं, असं वाटलं.

आई खाली बघत विचार करत होती. मग म्हणाली, 'म्हणजे माह्या चहापायी त्यायले थांबवून ठेवलं.'

मी म्हटलं, तसं नाही आई.

'तसंच आहे. मी चहा पीत बसली, म्हणून उशीर झाला. नाही तर वाचले असते ते.'

ताई, हे तुझ्या हिशेबात नव्हतं, माझ्याही नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर आई त्या क्षणापासून मरेपर्यंत नवऱ्याला स्वतः मारल्याचं ओझं वाहणार होती. आणि बोललो तर ते दुसरं ओझं, जे तिच्यावर पडू नये म्हणून तू सगळं सोसलंस. पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या तोंडावर सगळं दिसतं. तुझा फोटो हार घालून समोर होता. तू त्यात मजेत होतीस. काडीची मदत केली नाहीस.

मी हॉलच्या मागे गेलो. तिथे चहाचा थर्मास होता. लोकांना वाटलं, हा पळाला. मी एका कपात चहा ओतला, परत आलो आणि तो आईच्या दोन्ही हातांत दिला. मग तिच्यासमोर जमिनीवर बसलो. हे मी नाटक म्हणून केलं नाही, ताई. मला दोन मिनिटं हवी होती, आणि तिचे हात रिकामे मला बघवत नव्हते.

'आई, उशीर झाला नव्हता,' मी म्हटलं. 'बाबा आधीच गेले होते. ताईनं हात लावला तेव्हाच तिले समजलं होतं.'

कुठेतरी एक खुर्ची करकरली.

'किती आधी?'

'तासभर तरी.'

आईचे ओठ हलत होते. ती मागे मागे जात मोजत होती. 'म्हणजे मी कणीक भिजवून राहिली होती,' ती म्हणाली. कप तिच्या हातात तसाच. शेवटी तिनं तो विनूच्या हातात दिला, चहा एक थेंब न पिता, आणि मला म्हणाली, घरी घेऊन चल. विनू तो कप धरून उभा राहिला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

दोन दिवस आई बोलली नाही. रोज सकाळी मी तिला इंजेक्शन द्यायचो, तू शिकवलंस तसं, चिमटीत कातडी धरून. ती दंड पुढे करायची आणि भिंतीकडे बघायची. समोर ठेवलेलं खायची, पण मुकाट्यानं. मला वाटलं, आता हे असंच. तू म्हणत होतीस तेच खरं झालं, तिला सोसलं नाही. मी तुला मनातल्या मनात इतक्यांदा उत्तरं दिली की बायको म्हणाली, कोणाशी भांडून राहिले?

काल सकाळी इंजेक्शन झाल्यावर आईनं पलंगाच्या कडेवर हात आपटला, बस म्हणून.

'सांग आता,' म्हणाली. 'बरोबर सांग. जसं झालं तसं.'

मी सांगितलं. जीप ढकलून दाखवली नाही, थांबे घेतले नाहीत. बाबांचे गार हात सांगितले, चादर सांगितली, फिरवलेली खुर्ची सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट सांगत होतो आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत नव्हती. मी चहापर्यंत आलो तेव्हा आईनं मला थांबवलं.

'गोड होता तो. पहिल्याच घोटाले समजलं मले.'

मी वर बघितलं. म्हटलं, मग तू काही बोलली काहून नाही?

आईनं पदर सारखा केला. खूप साधी गोष्ट सांगायची असावी तशी म्हणाली, 'तिचा हात थरथर कापून राहिला होता गा. कपातला चहा बशीत सांडून राहिला होता. माही एवढी मोठी नर्स पोरगी. म्हटलं, काय झालं ते हिले आता विचारू नये. पिऊन घ्यावा. पोरीले बरं वाटंल.'

मी तसाच बसून राहिलो. अकरा वर्षं मी त्या खोलीत रोज शिरलो, ताई, लोकांना घेऊन शिरलो, आणि तुझा हात मला एकदाही दिसला नव्हता.

'बसला काय असा?' आई म्हणाली. 'खायले दे काही. इंजेक्शन देऊन वीस मिनिटं झाले.'